अडतीस मिनिटांच्या आधीची सदतीस वर्षं

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये उभे असाल तर बॅग पुढे घ्या आणि ऐका. वाचत असाल तर चहा घेऊन बसा, कारण आजची गोष्ट जरा लांबची आहे आणि सुरुवात मला माफी मागून करायची आहे.

मागे एका भागात मी 'जगातलं सर्वात छोटं युद्ध' सांगितलं होतं. झांझिबार, २७ ऑगस्ट १८९६, सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी ब्रिटिश जहाजांनी तोफा डागल्या आणि ३८ मिनिटांत सुलतान पळाला. तुम्हीही हे रीलमध्ये कधीतरी पाहिलंच असेल. मीही ते तसंच सांगितलं, वर 'आपला एक भाग ऐकून होईपर्यंत युद्ध संपलं' असा विनोद केला आणि हसले. त्यावर एका श्रोतीचा मेल आला. चारच ओळी. तिने लिहिलं होतं, ताई, त्या ३८ मिनिटांत पाचशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि दुसरं म्हणजे, समोर पाच युद्धनौका उभ्या आहेत, वेळ सांगून झाली आहे, तरी तो माणूस राजवाड्यात का बसून राहिला? तो वेडा होता का?

पहिल्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून माफी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी १८९६ वरून मागे मागे गेले आणि थेट आपल्या मुंबईच्या गोदीत येऊन पोचले. हा भाग त्याचाच.

तर तो माणूस म्हणजे खालिद. खालिद बिन बरगश, म्हणजे बरगशचा मुलगा. वय विशीतलं. त्याची गोष्ट कळायला आधी त्याच्या वडिलांची कळली पाहिजे, आणि वडिलांची कळायला आजोबांची. आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखंच आहे हे, सातबारा उघडला की तीन पिढ्या बाहेर येतात.

आजोबांचं नाव सय्यद सईद बिन सुलतान. ओमानच्या अल बू सईद घराण्यातले. १८०६ च्या सुमारास गादीवर आले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. राज्य कुठलं? नकाशा उघडा. वर अरबस्तानच्या कोपऱ्यात मस्कत. खाली आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून झांझिबार बेट. दोघांमध्ये समुद्रातून जवळपास ४ हजार किलोमीटर. हे दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात. पुढे पुढे सईदने आपला मुक्कामच झांझिबारला हलवला. तिथे लवंगेच्या बागा वाढवल्या, जकातीचा मक्ता कच्छी भाटिया पेढीकडे, जयराम शिवजींकडे दिला, आणि मस्कत मुलाच्या हाती सोपवलं. लवंगेच्या बागा म्हटलं की आपल्याला वास आठवतो. पण त्या बागांमध्ये राबणारी माणसं आफ्रिकेच्या आतल्या भागातून पकडून आणलेली गुलाम होती. आज मी या घराण्यावर बऱ्याच वेळा कळवळा दाखवणार आहे, तेव्हा हे आधीच सांगून ठेवते.

एवढं लांबचं राज्य चालवायचं तर जहाजं पाहिजेत. सईदची मोठी जहाजं कुठे बांधली जायची? मुंबईत. वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांच्या हाताखाली, मलबारी सागवानात. त्यातलं एक, नाव लिव्हरपूल, सत्तरच्या वर तोफा बसतील एवढं, १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत तयार झालं. दहा वर्षांनी सईदने ते इंग्लंडच्या राजाला भेट देऊन टाकलं. इंग्रजांनी त्याचं नाव बदलून ठेवलं 'इमाम', कारण ते सईदला मस्कतचा इमाम म्हणायचे. गंमत म्हणजे सईद स्वतःला इमाम म्हणवून घेतच नव्हता, सय्यद म्हणवून घ्यायचा. ज्याच्याशी १७९८ पासून करारमदार चालू आहेत त्या घराण्याच्या मुख्य माणसाला काय म्हणायचं, हेही इंग्रजांना नीट ठरवता येत नव्हतं. वारस कोण हे मात्र पुढे त्यांनीच ठरवलं.

१९ ऑक्टोबर १८५६. सईद मस्कतहून झांझिबारला परत येत होता आणि वाटेत, सेशेल्सच्या आसपास, जहाजावरच वारला. बरोबर एक मुलगा होता, बरगश. रिवाज असा की समुद्रात मरण आलं तर दफन समुद्रातच. बरगशने तसं होऊ दिलं नाही. देह झांझिबारला आणला आणि रात्रीच्या अंधारात गुपचूप पुरला. का? कारण तोवर बातमी फुटायला नको होती. त्याला किल्ला ताब्यात घ्यायचा होता. पण किल्ल्यावरचे लोक बधले नाहीत आणि थोरला भाऊ मजीद, जो तिथला कारभार बघत होता, तोच झांझिबारचा धनी झाला. तिकडे मस्कतमध्ये त्यांचा आणखी थोरला भाऊ थुवैनी बसलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: बापाचं राज्य एक, मी मोठा, सगळं माझं.

आता इथे जरा थांबू, कारण सगळा गुंता इथेच आहे. आपल्याला वाटतं थोरला मुलगा म्हणजे वारस. ओमानमध्ये तसा नियमच नव्हता. तिथल्या इबाडी परंपरेत नेता निवडला जातो, टोळ्यांच्या प्रमुखांनी मान्यता द्यायची असते. प्रत्यक्षात ज्याच्या पाठीशी माणसं आणि बंदुका जास्त, त्याला मान्यता मिळायची, पण तत्त्व निवडीचंच. म्हणजे थुवैनीचा 'मी मोठा' हा दावा लंगडा, मजीदचा 'बापाने मला इथे बसवलं' हाही लंगडा, आणि बरगशचा 'मी जास्त लायक' हा तेवढाच लंगडा किंवा तेवढाच खरा. असा वाद घरातल्या घरात मिटायचा एकच मार्ग असतो, भांडण. कुणीतरी जिंकतं, बाकीचे दबतात किंवा मरतात, दहा वर्षांनी पुन्हा. क्रूर आहे, पण त्यांचं त्यांचं आहे.

थुवैनी आणि मजीद यांच्यात आधी एक तडजोड झाली. मजीदने वर्षाला ४० हजार क्राउन, म्हणजे तेव्हा या समुद्रावर सगळीकडे चालणारी मारिया थेरेसा नाणी, मस्कतला द्यायची. पण ही खंडणी की भावाने भावाला दिलेली मदत, यावरून लगेच जुंपली. खंडणी म्हटली तर मजीद मांडलिक. मदत म्हटली तर मनात येईल तेव्हा बंद. आणि १८५९ च्या सुरुवातीला थुवैनीने जहाजं भरली आणि झांझिबारवर निघाला.

बरोबर महिना बघा. फेब्रुवारी. हिवाळ्यात अरबी समुद्रात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे मस्कतहून आफ्रिकेकडे ढकलणारा. पावसाळ्यात उलटा, नैऋत्येकडून, आफ्रिकेहून परत आणणारा. शेकडो वर्षं या समुद्रावरचा व्यापार, लग्नं, युद्धं, सगळं या वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालत आलं होतं. कोकणातल्या तुमच्यापैकी कुणाच्या घरात जुने खलाशी असतील तर त्यांना विचारा, ते डोळे मिटून सांगतील. शिडाच्या जहाजाला हा वारा चुकला की वर्ष गेलं. थुवैनी बरोबर वाऱ्यावर निघाला होता.

आणि रास अल हद्दच्या आसपास, म्हणजे अरबस्तानचा किनारा जिथे वळतो तिथे, त्याच्या आडवी एक बोट आली जिला वाऱ्याची गरज नव्हती. वाफेवर चालणारी, दोन्ही बाजूंना चाकं असलेली. नाव पंजाब. तिच्यावर मुंबई सरकारचा इंग्रज अधिकारी, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचा निरोप. आशय असा की झांझिबारवर चाल करून जाणं आम्हाला मंजूर नाही, परत फिरा, भावाभावांचा वाद आमच्या गव्हर्नर जनरलपुढे ठेवा, ते निवाडा देतील. थुवैनी परत फिरला. एक गोळी न झाडता.

मंडळी, एल्फिन्स्टन म्हणजे ज्यांच्या नावाचं स्टेशन होतं तेच का, असं तुम्ही विचाराल. हो, तेच. आता प्रभादेवी. रोज त्या पुलावरून चढउतार करताना मस्कतच्या गादीचा कुणाला संशय तरी येईल का!

या पंजाब बोटीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ती मुंबईतच बांधलेली. १८५४ मध्ये तिच्या जोडीला एक जुळी बहीणही बांधली, तिचं नाव असाये. पंजाब आणि असाये. नावं ऐकलीत? पंजाब १८४९ मध्ये इंग्रजांनी घेतला. आणि असाये म्हणजे आपलं जालना जिल्ह्यातलं असई. १८०३ च्या सप्टेंबरात वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला ते गाव. जिंकलेल्या जागांची नावं जहाजांना द्यायची आणि ती जहाजं पुढच्या जागी पाठवायची. मुंबईचे सुतार, मलबारचा साग, मराठ्यांच्या पराभवाचं नाव, आणि तोफेचं तोंड अरबांच्या घरातल्या भांडणाकडे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायन गेटजवळून बसने जात होते. गोदीची ती लांबलचक भिंत आपण रोज बघतो आणि आत काय झालं असेल हे मनातही येत नाही.

असाये कुठे गेली ते आता.

थुवैनी वाटेतून परतल्यावर झांझिबारात मजीदने सुटकेचा श्वास टाकला, तर त्याच वर्षी ऑक्टोबरात घरातच स्फोट झाला. बरगश. दुसऱ्यांदा. या वेळी त्याच्या बाजूने काही मोठे अरब जमीनदार होते, फ्रेंचांची सहानुभूती होती, आणि घरातल्या बहिणी होत्या. त्यातली एक बहीण सलमे, तेव्हा ऐन पंधरा वर्षांची. लिहिता येत होतं म्हणून कटाची पत्रं तिच्याकडून लिहून घेतली. पुढे तिने हे सगळं आपल्या आठवणींच्या पुस्तकात मांडलं, म्हणून आज आपल्याला ते आतून दिसतं. ती सांगते: मजीदने बरगशच्या घराला वेढा घातला होता. रात्री या बहिणी बुरख्यात, दासींचा ताफा घेऊन, पहारेकऱ्यांना दटावत आत गेल्या, आणि बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्यात एक उंच बाई जास्त होती. तो बरगश. तसाच तो शहराबाहेरच्या लवंगेच्या बागेत पोचला, जिथे त्याची माणसं जमली होती. त्या वाडीचं नाव मार्से, फ्रान्समधल्या बंदराचं. नावावरूनच वारा कुठून येतोय ते कळतं.

मजीदकडे माणसं कमी नव्हती, पण घरच्याच माणसांवर गोळ्या झाडायला कुणाचा हात धजत नव्हता. तेव्हा इंग्रज वकील रिग्बी, जो मुंबईच्या लष्करातलाच अधिकारी, त्याने बंदरातल्या दोन जहाजांवरचे खलाशी आणि तोफा उतरवल्या. एक जहाज लिंक्स, दुसरं आपलं असाये. वाडीतला तळ मोडला. बरगश पुन्हा शहरातल्या घरात येऊन लपला. रिग्बीची माणसं दारात आली, बंदुका चालल्या, आणि बहिणीने वरून हाका मारून तह केला. बरगश शरण आला. त्याची शिक्षा काय? तर हद्दपारी. कुठे? मुंबईला. बरोबर बारा वर्षांचा धाकटा भाऊ अब्दुल अझीझ स्वतःहून निघाला.

सलमेच्या लेखनात या भागाला एक कडवटपणा आहे आणि तो मला फार खरा वाटतो. कट फसल्यावर एका घरातली माणसं एकमेकांकडे जाईनाशी झाली. मजीद, ज्याने तिला लहानपणी माया लावली होती, त्याच्याविरुद्ध ती उभी राहिली होती. इतिहासाच्या पुस्तकात हे 'बरगशचे बंड, १८५९' एवढ्या ओळीत संपतं.

आता निवाडा. कॅनिंगने म्हणजे गव्हर्नर जनरलने चौकशी सोपवली एडनच्या रेसिडेंटवर, ब्रिगेडियर कॉगलनवर. त्याने मस्कतला जाऊन, झांझिबारला जाऊन दोन्ही बाजू ऐकल्या, कागद तपासले. चौकशी काही वाईट झाली नव्हती बरं का. थोरला म्हणून हक्क असा कायदा ओमानात नाही, गादी निवडीने आणि ताकदीने मिळते, हे त्यांना बरोबर कळलं. आणि मग २ एप्रिल १८६१ ला कॅनिंगचा निकाल आला: झांझिबार मजीदचं, मस्कत थुवैनीचं. मजीदने दर वर्षी ४० हजार क्राउन द्यायचे, मागची दोन वर्षांची थकबाकी ८० हजार वेगळी. पण हे पैसे म्हणजे मांडलिकपणाची खूण नव्हे, असं स्पष्ट लिहिलं. श्रीमंत वाटणीने गरीब वाटणीला द्यायची भरपाई. पुढच्या वर्षी, १८६२ च्या मार्चमध्ये, इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून दोघांचं स्वातंत्र्य मान्य करत असल्याचं जाहीर केलं.

कागदावर किती समजूतदार! दोन भाऊ, दोन घरं, रक्तपात टळला. मीही पहिल्यांदा वाचताना म्हटलं, बरंच केलं की. पण बघा, तत्त्व काय सांगितलं होतं? निवड. लोकांनी कुणाला निवडलं? जो तिथे बसलेला होता त्याला. तो तिथे बसलेला का राहिला? कारण थुवैनीला पंजाबने अडवलं आणि बरगशला असायेने धरून नेलं. म्हणजे आधी आरमाराने निकाल लावला आणि मग न्यायाधीशाने येऊन तो वाचून दाखवला. दोन्ही एकाच दुकानातले. गावात पंचाकडे बांधाचा वाद नेला आणि पंचाचाच ट्रॅक्टर त्यातल्या एकाच्या शेतात उभा असला तर आपण त्या पंचाला काय म्हणू?

आणि सरकारचा स्वतःचा फायदा काय होता, हेही लपलेलं नाही. १८५७ नंतरचे दिवस, फ्रेंच या समुद्रात पाय रोवताहेत ही धास्ती, झांझिबारात शेकडो हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा पैसा अडकलेला, गुलामांचा व्यापार बंद करायचा दबाव. यातलं गुलामांबद्दलचं कारण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. रिग्बीने खरोखर अनेकांना सोडवलं. पण एका मोठ्या सुलतानापेक्षा दोन छोटे सुलतान हाताळायला सोपे, हे गणित मुंबईच्या सेक्रेटरिएटमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्या ४० हजारांचं पुढे काय झालं ते तर कमालच आहे. १८६६ मध्ये थुवैनीचा सोहारमध्ये खून झाला, पोटच्या मुलाने, सालिमने केला. झांझिबारहून मजीद म्हणाला, बापाच्या खुन्याला मी पैसे देणार नाही. इतक्या सगळ्या गोंधळात हेच एक वाक्य मला माणसासारखं वाटतं. पण मग मस्कतला पैसा कुठला? पुढे ती रक्कम ब्रिटिश सरकारच आपल्या तिजोरीतून देऊ लागलं, हिंदुस्थानच्या तिजोरीतून. वर्षाला ८६,४०० रुपये. भावाने भावाला द्यायचा हिस्सा, आता सरकार देतंय, आणि अर्थातच सरकारला पसंत असलेल्या सुलतानालाच. नापसंत असेल तर आखडता हात. गादी कुणाची हे ठरवायला दर वेळी जहाज पाठवायचीही गरज उरली नाही, चेक थांबवला की पुरे.

मस्कतच्या गादीवरचा आणखी एक दावेदार, या सगळ्यांचाच भाऊ तुर्की, तोही १८६७ च्या सुमारास मुंबईत येऊन राहिला होता, नेमणुकीवर. १८७० मध्ये इथूनच निघाला, लढला, आणि १८७१ ला मस्कतचा सुलतान झाला. आजचे ओमानचे सुलतान त्याच्याच वंशातले. आणि बरगश? दोन वर्षं मुंबईत काढून त्याला परत जाऊ दिलं होतं. मजीद १८७० मध्ये वारला आणि बरगश झांझिबारचा सुलतान झाला. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही गाद्यांवर असे दोन भाऊ बसले ज्यांनी मुंबईत वाट बघत दिवस काढले होते. सुलतानांची वेटिंग रूम!

बरगशने मुंबईत पाहिलेलं त्याच्या डोक्यात राहिलं असं मला फार वाटतं. तो होता तेव्हा बोरीबंदरहून आगगाडी धावत होती, पहिली कापड गिरणी सुरू झाली होती, विहार तलावाचं पाणी नळाने शहरात येऊ लागलं होतं. पुढे सुलतान झाल्यावर त्याने झांझिबार शहरात नळाने पाणी आणलं, १८८३ मध्ये 'बैत अल अजाइब' म्हणजे नवलांचं घर बांधलं, त्यात वीज आली. जुळणी माझी आहे, पण विहारच्या नळावर पाणी भरणारा हद्दपार राजपुत्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पण गादी मिळाली ती कशी? जहाजांच्या सावलीत. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांझिबारला आले, गुलामांचा समुद्रातला व्यापार पूर्ण बंद करा म्हणाले. बरगश नाही म्हणाला. आदल्याच वर्षी वादळाने त्याची लवंगेची झाडं आणि जहाजं उद्ध्वस्त केली होती, आणि गुलामांवरच सगळा डोलारा उभा. फ्रिअर निघून गेले. मग लंडनहून निरोप आला: सही नाही तर आरमाराची नाकेबंदी. ५ जून १८७३ ला बरगशने सही केली. गुलामांचा बाजार बंद झाला. चांगली गोष्ट झाली, हे मी पुन्हा सांगते. झाली कशी, तेही सांगते.

१८८५ च्या ऑगस्टमध्ये पाच जहाजं आली, या वेळी जर्मन. तोफा राजवाड्याकडे. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आम्ही घेतलेला मुलूख मान्य करा. बरगश इंग्रजांकडे बघत राहिला, आणि लंडनने आपल्या वकिलाला सांगितलं, सुलतानाला माघार घ्यायला लावा. जर्मनांनी आणखी एक पत्ता आणला होता. जहाजावर एक बाई होती. बरगशची बहीण सलमे. मधल्या काळात ती एका जर्मन व्यापाऱ्याच्या प्रेमात पडून १८६६ मध्ये एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पळाली होती, ख्रिस्ती झाली होती, हँबर्गला विधवा झाली होती. तिला वडिलांच्या वारशातला आपला वाटा पाहिजे होता. बिस्मार्कला निमित्त पाहिजे होतं. निमित्ताचं काम झालं. बाईला वाटा मिळाला नाही. ज्या भावाला बुरख्यात लपवून तिने बाहेर काढलं होतं, त्याच्या राजवाड्यासमोर ती परक्याच्या जहाजावर उभी, आणि तो तिला भेटला नाही. या एका प्रसंगावर मी वेगळा भाग करणार आहे, तेव्हा इथे आवरते.

बरगश १८८८ मध्ये गेला. १८९० मध्ये झांझिबार रीतसर ब्रिटिश संरक्षणाखाली आलं, आणि यापुढे सुलतान बसवायचा तर इंग्रजांची संमती लागेल असं ठरलं. आता आपला खालिद. १८९३ मध्ये गादी रिकामी झाली तेव्हा त्याने राजवाडा धरायचा प्रयत्न केला, इंग्रज वकिलाने दम दिला, तो बाहेर आला. शिक्षा काही नाही. गादीवर इंग्रजांनी हमद बिन थुवैनीला बसवलं. हो, त्याच थुवैनीचा मुलगा, ज्याला पंजाबने परत पाठवलं होतं! २५ ऑगस्ट १८९६ ला हमद अचानक वारला आणि खालिद पुन्हा राजवाड्यात शिरला.

आता त्या श्रोतीचा प्रश्न. समोर रिअर अॅडमिरल रॉसनची पाच जहाजं. २७ तारखेला ९ वाजेपर्यंत झेंडा उतरवून बाहेर या, असा खलिता. सकाळी साडेआठच्या सुमारास खालिदचा निरोप गेला, आशय असा: झेंडा उतरवायचा आमचा विचार नाही, आणि तुम्ही आमच्यावर तोफा चालवाल असं आम्हाला वाटत नाही.

वेडेपणा वाटतो ना? पण त्याच्या जागी उभं राहून घराचा इतिहास आठवा. १८५९ मध्ये काकाच्या आडवं जहाज आलं, काका बोलून परत गेला, मस्कतची गादी राहिली. बापाने उघड बंड केलं, इंग्रज खलाशी दारात आले, शिक्षा काय तर दोन वर्षं मुंबई आणि नंतर गादी. १८७३ मध्ये नाकेबंदीची धमकी, सही झाली, बाप सुलतान राहिला. १८८५ मध्ये तोफा राजवाड्यावर रोखल्या, मुलूख गेला, राजवाड्याची काचही फुटली नाही. १८९३ मध्ये त्याने स्वतः राजवाडा धरला आणि चालत घरी गेला. सदतीस वर्षं त्या घराने पाहिलं होतं की जहाजं येतात, तोफा दाखवतात, मग बोलणं होतं. तोफ ही बोलण्याची सुरुवात असते. खालिदला वाटलं, आताही तसंच. माझ्या मते तो वेडा नव्हता. तो जुन्या हिशेबाने चालला होता, आणि समोरच्यांनी हिशेब बदलला होता. १८५९ मध्ये त्यांना समुद्र राखायचा होता, राज्य सुलतानांनीच चालवायचं होतं. १८९६ पर्यंत राज्यही त्यांचंच झालं होतं, आणि आपल्या ऑफिसातल्या कारकुनाशी कुणी वाटाघाटी करत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ९ वाजून २ मिनिटं. लाकडी राजवाडा, आत हजारोंनी माणसं, शिपाई, नोकर, गुलाम. बंदरात सुलतानाचं एकच मोठं जहाज, ग्लासगो, बरगशने बांधून घेतलेलं. त्याने तोफा झाडल्या आणि थोड्याच वेळात बुडालं. उथळ पाण्यात त्याच्या डोलकाठ्या वर तशाच दिसत राहिल्या. राजवाड्याच्या बाजूची पाचशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, इंग्रजांकडे एक खलाशी जखमी. दुपारपर्यंत नवा सुलतान बसला होता.

खालिद जर्मन वकिलातीत शिरला. २ ऑक्टोबरला भरती इतकी वर आली की जर्मन जहाजाची होडी थेट वकिलातीच्या बागेच्या फाटकाला लागली. तो वकिलातीच्या आवारातून सरळ होडीत चढला, झांझिबारच्या जमिनीवर पाऊल न टेकवता, म्हणजे कुणाला त्याला अटक करता आली नाही. दार एस सलामला राहिला. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, इंग्रजांनी ते घेतलं आणि तो सापडलाच. त्याला हद्दपार केलं, आधी सेंट हेलेनाला, मग सेशेल्सला. त्याच सेशेल्सच्या पाण्यात कधीकाळी त्याचे आजोबा जहाजावर वारले होते. शेवटी मोंबासाला राहू दिलं, तिथे १९२७ मध्ये तो वारला.

आणि पंजाब? १८६३ मध्ये मुंबईचं ते आरमारच मोडीत काढलं. पंजाब आणि असाये लंडनच्या एका जहाजमालकाने विकत घेतल्या. असाये त्याने विकली, ती दोनच वर्षांत आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. पंजाबची यंत्रं काढून तिला शिडाचं जहाज केलं, नाव दिलं ट्वीड, आणि ती इतकी वेगात पळायला लागली की त्याच मालकाने पुढे तिचा आकार डोळ्यांपुढे ठेवून नवं जहाज बांधून घेतलं. ते म्हणजे कटी सार्क, आज लंडनमध्ये ग्रीनिचला तिकीट काढून बघतात ते. तुमच्यापैकी कुणी तिकडे असेल तर बघून या, आणि फोटो पाठवा. मी अजून पाहिलेलं नाही.

मेल लिहिणाऱ्या श्रोतीला, तू हा भाग ऐकत असशील तर, उशिरा उत्तर दिल्याबद्दल सॉरी. तो जुना भाग मी काढून टाकलेला नाही, त्याखाली या भागाची लिंक टाकली आहे. पुढच्या वेळी सलमे. भेटू.